बकरीचा डोळा

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नूफला आणू दिलं नाही. "पोर बापाच्या घरची," सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि तिच्या हातात खजूर दिला. माझी चार वर्षांची पोर, ती खजूर चोखत दारात उभी. रडली असती तर बरं झालं असतं, मलाही रडता आलं असतं. बाबा पिकअपमधून उतरलेच नाहीत. मीच माझी गाठोडी मागे टाकली आणि बसले.

अर्ध्या वाटेवर बाबांच्या घराकडून येणारी गाडी दिसली. तीत हसना. तिने मला पाहिलं, मी तिला. दोघींनी तोंडं फिरवली — लाज कसली वाटली कोण जाणे, आम्ही दोघींनी काय केलं होतं?

आमची लग्नं बदलीची. मला मुतलकला दिली, मुतलकची बहीण हसना माझ्या भावाला, सुवैलिमला. एकाच दिवशी, एकाच मांडवात. त्यामुळे एकीला माहेरी ओढलं की दुसरीलाही परत पाठवावं लागतं. "मी भांडले तर तुझी पाठवणी गं फिद्दे, जपून राहा," असं हसना मला नेहमी चिडवायची. भांडलं कोणीच नाही. तरी पाठवणी झाली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काय झालं ते लिहून काढते. डोक्यात गरगरतंय नुसतं.

रविवारी मुतलक आणि सुवैलिम उम्म रुवैसच्या डोंगरावर गेले होते. हिवाळ्यात डोंगर चढायला परदेशी पाहुणे येतात, त्यांच्या आधी वाट तपासायला. ती वाट आमच्या पणजोबांची, रानबकऱ्यांच्या शिकारीची. तिथे अनवाणी पायांनी चढायचं, हातांनी धरायचं. लोखंड ठोकायचं नाही, हा नियम. आणि तो नियम सगळ्या वादीत, खोऱ्यातल्या तंबूतंबूत सांगत फिरणारे आमचे बाबा. फ्रान्सचे लोक खिळे-हातोडे घेऊन आले होते तेव्हा बाबांनी त्यांची पिशवी उलटी करून सगळं वाळूत ओतलं होतं.

तर त्या वाटेवर बोल्ट होता. खडकात भोक पाडून ठोकलेला. त्यात दोर ओवून सुवैलिम खाली लोंबकळला आणि बोल्ट खडकासकट उपटून आला. खालच्या कड्यावर पाठीवर पडला. मुतलकने त्याला पाठीला बांधून एकट्याने खाली आणलं. अकबाच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, कणा मोडलाय, कमरेखाली काही सांगता येत नाही.

इस्पितळाच्या दारात बाबांनी मुतलकला विचारलं, "माझ्या आजोबांच्या वाटेवर लोखंड कोणी ठोकलं?"

मुतलक जमिनीकडे बघत राहिला.

"अरे, तुला विचारतोय. तू ठोकलंस?"

काही नाही. हो नाही, नाही नाही. बाबा म्हणाले, "गप्प राहिला म्हणजे कबूल केलं." सुवैलिमला शुद्ध आल्यावर त्याला विचारलं. तो म्हणाला, "आठवत नाही." आई त्याच्यापाशीच राहिली आहे. बाबा घरी आले आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन आले.

सहा वर्षं या माणसाच्या घरात राहिले. हा गप्प बसतो हे मला माहीत आहे. पण एवढा?

१७ नोव्हेंबर, रविवार

शाळा. आठवड्याचा पहिला दिवस. सहावीला पचनसंस्था शिकवली. मागच्या बाकावरून एक कार्टी म्हणाली, "बाई, तुम्ही घरी कधी जाणार?" शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. म्हटलं, घंटा झाली की.

१८ नोव्हेंबर, सोमवार

तो बोल्ट बाबांनी जपून ठेवलाय. तंबूच्या खांबाजवळ, पत्र्याच्या थाळीत. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. आज ते शेळ्यांकडे गेले तेव्हा मी तो हातात घेतला.

जाड, बोटाएवढा. त्याला खडकाचा गोळा चिकटलेला आहे, अंड्याएवढा. आणि तो गोळा पांढरा आहे! पांढराही नाही, फिकट हिरवट, शिळ्या ताकासारखा. नखाने खरवडला तर पीठ झालं.

उम्म रुवैस पायथ्यापासून निम्म्याच्या वरपर्यंत लाल आहे. लाल म्हणजे लालच. मग हे काय?

हे काय ते मला माहीत आहे. वर्गात मीच शिकवते. इथली पोरं त्याला बकरीचा डोळा म्हणतात — लाल खडकात फिकट गोल ठिपका आणि मधोमध काळा मणी. लाल म्हणजे गंज. वाळूच्या कणाकणाला लोखंडाच्या गंजाचा लेप असतो, तोच रंग देतो आणि आमच्या खडकात कण धरूनही तोच ठेवतो. खडक जमिनीत खोल होता तेव्हा एखाद्या काळ्या कणाभोवतीचा प्राणवायू संपला, गंज विरघळला आणि पाण्याबरोबर निघून गेला. दुसरे काही धातू मधल्या मण्यात गोळा होऊन बसले. राहिला तो फिकट गोळा. लेप गेलेला, पकड गेलेली. आणि एवढ्या मोठ्या कड्यावर बोल्ट ठोकणाऱ्याने नेमका डोळा निवडला.

का?

थाळी होती तशी ठेवली. बाबांनी आल्या आल्या विचारलं, "हात लावलास?" म्हटलं, धूळ पुसली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेख नहार आले होते. आमच्याकडचे तंटे तेच तोडतात, पोलिसांकडे कोणी जात नाही. मी पडद्याच्या आतल्या बाजूला भाकऱ्या भाजत होते, शब्दन् शब्द ऐकला.

निवाडा असा: पुढच्या मंगळवारी, आमच्याच तंबूत, मुतलकने शपथ घ्यायची की हे लोखंड माझ्या हातचं नाही, ठोकणारा माझ्या माहितीचा नाही. त्याच्या भाऊबंदांपैकी पाच जणांनी त्याच्या शपथेवर शपथ घ्यायची. घेतली तर तो मोकळा, बायका आपापल्या घरी. नाही घेतली तर दोष त्याचा आणि दोन्ही लग्नं मोडली.

बाबा म्हणाले, "मान्य."

मला कोणी विचारलं नाही. हसनालाही विचारलं नसणार. भाकरी जळली. बाबा म्हणाले, "लक्ष कुठाय?" काय सांगणार!

२० नोव्हेंबर, बुधवार

मुतलक शपथ घेणार नाही. तसं त्याने शेखना कळवलंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डोकं फिरलंय माझं. शपथ घ्यायला काय जातं? दोन वाक्यं! ठोकला नसेल तर घे शपथ आणि बायकोला घरी ने. पोरगी तिकडे काय खाते, कोणाजवळ झोपते, केस कोण विंचरतं. तिला दुसऱ्याने विंचरलेलं चालत नाही, किंचाळते.

आणि एक लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. मला वाटायला लागलंय, त्यानेच ठोकला. गेल्या वर्षी म्हणाला होता, पाहुणे हल्ली दोर मागतात, जुनी वाट त्यांना झेपत नाही. ठोकला असेल आणि आता तोंडाला कुलूप. असा नवरा असला काय, नसला काय! लिहिलं खरं. 

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज उम्म रुवैसवर गेले. हसनाला घेऊन.

पुरुषांनी एकमेकांच्या वाटेला जायचं नाही असा तह आहे, बायकांचं कोणी काही बोललेलं नाही. शेळ्या घेऊन दोघी झऱ्यावर आलो. मला बघून हसना म्हणाली, "काय गं नणंदबाई? का भावजय म्हणू? की आता कोणीच नाही?" आणि गळ्यात पडून रडली. तिला नवऱ्याजवळ जाऊ देत नाहीत. इस्पितळातही नाही. तो पडून आहे आणि ही बारा दिवसांत त्याच्या तोंडात पाणी घालू शकलेली नाही.

नूफचं विचारलं. "खाते. माझ्या अंगावर पाय टाकून झोपते. लाथा मारते, तुझ्यावर गेलीय."

वर चल म्हटलं. ती म्हणाली, "वेडी झालीस? शेळ्या?" शेळ्या काय, त्या आमच्या आधी वर चढल्या.

लहानपणी या वाटेवर बाबांच्या मागे पुष्कळदा गेले आहे. पाय विसरले नव्हते. हसना मागून कुरकुरत होती, "शाळेतल्या बाईंना असले उद्योग सुचतात." बोल्ट होता तिथे, चौथ्या खोबणीशी पोचलो. खडकावर उन्हा-वाऱ्याची काळी कातडी चढलेली, सगळीकडे सारखी, डोळा वगैरे काही दिसत नाही. फक्त एका जागी खड्डा. हसनाच्या डोक्याएवढा. कडेला गोल लाल किनार, आत फिकट हिरवट, आणि मधोमध बोल्टच्या भोकाचा अर्धा गोल. भोक डोळ्याच्या बाहुलीतून गेलं होतं.

छिन्नीने जागोजाग चाचपून पाहिलेलं होतं. घाव पडलेले दिसतात, हातभर पट्ट्यात, इकडे-तिकडे. लाल भागात चार-पाच भोकं सुरू करून सोडून दिलेली, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाहीत. हाताने ठोकणाऱ्याचा दम गेला असणार. मग त्याला हा मऊ भाग लागला. इथे छिन्नी गेली. म्हणून त्याने इथेच ठोकला. कडक तिथे जमत नव्हतं, मऊ तिथे जमलं.

मुतलकच्या तर हे रक्तात आहे — तळहाताने खडक थोपटायचा, आवाज ऐकायचा, मग भार टाकायचा. मऊ खडकावर तो शेळीसुद्धा बांधणार नाही. मला हसू आलं. खरंच हसले मी तिथे, कड्यावर उभी राहून.

मागे बघितलं तर हसना खाली बसली होती. खड्ड्यातली पांढरी पूड तिच्या बोटांवर. पांढरीफटक पडली होती.

"काय झालं?"

"हे पीठ मी धुतलंय," ती म्हणाली. "रमजानच्या आधी. त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांवर होतं. मी म्हटलं, कोणाच्या घरी गिलावा करायला गेला होतास? तो म्हणाला, हो, मामाकडे. मामाच्या घराला गिलावा नाहीच, फिद्दे. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही."

सुवैलिम. आमचा सुवैलिम.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उतरताना हसना एकच म्हणत होती, "सांगू नकोस." मी म्हटलं, सांगितलं नाही तर तुझंही लग्न मोडतं. ती म्हणाली, "मोडू दे. तो उठून बसत नाही आणि वर तुझे बाबा त्याला काय म्हणतील? पणजोबांच्या वाटेवर लोखंड ठोकणारा मुलगा? तो त्यानेच मरेल." मी म्हटलं, आणि माझा नवरा? त्याने दोष घ्यायचा? ती शेळ्या गोळा करून निघून गेली. मला राग आला तिचा. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, याचा जास्त राग आला.

२४ नोव्हेंबर, रविवार

रजा टाकली. आईचे कपडे द्यायचे आहेत असं सांगून बसने अकबाला गेले. आई पायऱ्यांवर झोपलेली होती, उठवलं नाही.

सुवैलिम बारीक झालाय. मला बघून म्हणाला, "ताई, मासे आणलेस का?" समुद्रावरच्या गावात आला की त्याला मासेच. मी त्या खड्ड्यातून खिशात घालून आणलेला पांढरा गोळा त्याच्या छातीवर ठेवला.

त्याने तो बोटांनी चोळला. मग म्हणाला, "मऊ होतं गं. बाकी सगळीकडे छिन्नी उडायची, इथे लोण्यात जावी तशी गेली. मी म्हटलं, देवाची कृपा."

"देवाची कृपा!" मी म्हटलं. "अरे गाढवा, डोळा होता तो. पहिलीतलं पोर सांगेल."

"वरून काळाच दिसत होता."

"आणि आत पांढरं लागल्यावर?"

"ठोकून झाला होता तोवर." मग हळूच, "काढायला कोणाची तरी मदत लागली असती, मग सांगावं लागलं असतं. म्हणून काढला नाही."

सगळं सांगितलं त्याने. पाहुण्यांना दोर हवा असतो म्हणून त्याने गुपचूप तो ठोकला होता. त्या दिवशी मुतलकने बोल्ट पाहिला आणि तापला — काढून टाक आत्ताच्या आत्ता. सुवैलिम म्हणाला, घट्ट आहे, बघ. मुतलक नको म्हणत असताना त्याने दोर ओवला आणि स्वतःला टांगून घेतलं. एवढंच.

"मग आठवत नाही कशाला म्हणालास?"

"त्याने मला पाठीला बांधलं तेव्हा मी ओरडत होतो — बाबांना सांगू नको, बाबांना सांगू नको. तो म्हणाला, तू उठून बसशील आणि स्वतःच्या तोंडाने सांगशील, तोवर मी बोलत नाही." सुवैलिमने डोळे मिटले. "डॉक्टर काल आले होते, ताई. मी उठून बसणार नाही."

तो रडला. मीही रडले. त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याचे पाय चेपावेसे वाटत होते. चेपले. त्याला कळलंही नाही मी चेपतेय ते.

निघताना म्हणाला, "सांग. मंगळवारच्या आधी सांग. फक्त बाबांना एकट्यात सांग. ते मला बघायला यायचे थांबले तर…" 

बसमध्ये पूर्ण वेळ मुतलकचाच विचार. मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलं होतं, वर आहे. खोडणार नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बाबा उन्हात बसून दोर वळत होते तेव्हा समोर बसले आणि सांगितलं. भोकं, छिन्नीचे घाव, पांढरी पूड, हसनाने धुतलेला सदरा, सुवैलिमचे शब्द. घाईने सांगितलं, थांबले असते तर जमलं नसतं.

वाटलं होतं ओरडतील. नाही ओरडले. दोर वळत राहिले. मग म्हणाले, "तू वर गेलीस? त्या वाटेने?"

"हो."

"चौथ्या खोबणीला उजवा पाय आधी टाकलास ना?"

"बाबा! मी काय सांगतेय —"

"ऐकलं मी." उठले, शेळ्यांकडे निघून गेले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मी परत विचारलं, उद्या काय करणार? म्हणाले, "शेख नहार करतील ते." माझा संताप संताप झाला. म्हटलं, मुलाची अब्रू वाचवायला जावयाचं घर मोडणार? नातीला आईवाचून ठेवणार? तुम्ही न्यायाच्या गोष्टी सांगता लोकांना! आजवर बाबांशी असं बोलले नव्हते. ते उठले, थाळीतला बोल्ट घेऊन फडक्याने पुसत बसले. पुसून पुसून त्यावरचं पांढरं सगळं काढून टाकलं.

म्हणजे तंबूतला पुरावाही गेला. उद्या मी पडद्याबाहेर येणार आणि सगळ्यांसमोर बोलणार. काय व्हायचं ते होऊ दे. 

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बोलावं लागलं नाही.

कॉफी ओतली. पाहुण्यांनी कप समोर ठेवले, निवाड्याआधी कोणी पीत नाही, प्यायला म्हणजे तंटा मिटला. शेख नहार म्हणाले, "मुतलक, शपथ?" मुतलक उभा राहिला आणि गप्प. मी पडदा हातात धरला होता. तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "त्याला बसवा. ते लोखंड मी ठोकलं. माझ्याच वाटेवर, माझ्याच हाताने, आणि पडला तो माझाच मुलगा. बापाने आपल्याच घराचं केलेलं नुकसान, मी कोणाकडे दाद मागू?"

बाबांचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत. झऱ्यापर्यंत जातानाही दोनदा बसतात. तंबूतल्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक आहे. 

शेख नहारनी कप उचलला आणि प्यायले. मग बाकीचे. सगळ्यात शेवटी मुतलक प्यायला.